मालक नसलेले मासिक

खानावळीतून निघालेला अंक

न्यूयॉर्कमध्ये रँड स्कूल ऑफ सोशल सायन्स नावाची समाजवाद्यांची एक शाळा होती. तिच्या तळघरात एक खानावळ चाले. ती चालवणारे पीट व्लाग मूळचे हॉलंडचे. सहकारी ग्राहक भांडारांवर त्यांची अढळ श्रद्धा. कष्टकऱ्यांनी स्वतःची दुकाने काढावीत, मधल्या दलालांना बाजूला सारावे, म्हणजे भांडवलशाहीचा पाया आपोआप खचेल, असे त्यांना मनापासून वाटे. हा विचार घरोघर पोचवायला एक मासिक हवे, म्हणून जानेवारी 1911 मध्ये त्यांनी ‘द मासेस’चा पहिला अंक काढला. पैसे दिले रूफस वीक्स यांनी. हे गृहस्थ न्यूयॉर्क लाइफ या बलाढ्य विमा कंपनीचे उपाध्यक्ष आणि तरीही समाजवादी.

पहिल्या दीड वर्षातले अंक आज चाळले तर ते सज्जन, सद्हेतूचे आणि बरेचसे बेचव वाटतात. सहकाराचे फायदे, कामगारांची दैन्यावस्था, युरोपातील लेखकांच्या भाषांतरित कथा असा त्यांचा ऐवज. वर्गणीदार वाढेनात, पैसा आटला आणि ऑगस्ट 1912 मध्ये अंक थांबला. शिकागोतील समाजवादी स्त्रियांच्या एका मासिकात ‘द मासेस’ विलीन करायचे व्लाग यांच्या मनात होते.

अमेरिकेत त्या काळी अशी कितीतरी समाजवादी पत्रे निघाली आणि विझली. हेही त्यांतच जमा झाले असते. पण या मासिकासाठी फुकट चित्रे काढणाऱ्या मंडळींनी विलीनीकरणाला साफ नकार दिला. मासिक आपणच चालवू, असे त्यांनी ठरवले. त्यांच्या त्या हट्टातून अमेरिकेच्या पत्रकारितेतले आणि चित्रकलेतले एक तेजस्वी पर्व सुरू झाले.

बिनपगारी संपादक

मासिक चालवायचे तर संपादक हवा. व्यंगचित्रकार आर्ट यंग यांनी मॅक्स ईस्टमन यांचे नाव सुचवले. ईस्टमन तेव्हा 29 वर्षांचे होते. कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्यूई यांच्या हाताखाली ते तत्त्वज्ञान शिकले आणि तिथेच शिकवूही लागले. पीएच.डी.साठी लागणारे सगळे काम पुरे केल्यावर त्यांनी पदवी घेतलीच नाही. आई आणि वडील दोघेही ख्रिस्ती धर्मोपदेशक. स्त्रियांना धर्मोपदेशकाची दीक्षा क्वचितच मिळे अशा काळात आईने ती मिळवलेली. अशा घरात वाढलेल्या ईस्टमन यांनी 1909 मध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी पुरुषांची संघटना उभारायला पुढाकार घेतला होता.

एके दिवशी त्यांना एक चिठ्ठी आली. चित्रकागदाच्या फाटक्या तुकड्यावर ब्रशने लिहिलेली. मजकूर एवढाच, की तुमची संपादक म्हणून निवड झाली आहे आणि पगार मिळणार नाही. खाली चित्रकार आणि लेखकांच्या सह्या.

डिसेंबर 1912 चा अंक ईस्टमन यांच्या संपादकत्वाखाली निघाला आणि मासिकाचा चेहरामोहराच बदलला. मोठ्या आकाराची पाने, भरपूर मोकळी जागा, पानभर चित्रे. थोड्याच दिवसांत अंकाच्या आत एक निवेदन छापले जाऊ लागले. त्याचा पहिला मसुदा जॉन रीड या तरुण लेखकाने केला होता आणि ईस्टमन यांनी तो घोटून पक्का केला. या मासिकाची मालकी ते तयार करणाऱ्यांच्या सहकारी मंडळाकडे आहे, त्यातून कोणाला नफा मिळत नाही, सुधारणांच्या मलमपट्टीत आम्हाला रस नाही, आम्हाला क्रांती हवी, आम्ही हसणार आणि प्रतिष्ठितांच्या प्रतिष्ठेला भीक घालणार नाही, असा त्याचा आशय. त्या काळच्या समाजवादी पत्रांत विनोदाला जागा नव्हती. दैन्याबद्दल लिहायचे तर सुतकी चेहऱ्यानेच लिहायचे, असा दंडक होता. ‘द मासेस’ने तो पहिल्याच झटक्यात मोडला.

पुढे कचेरी ग्रीनिच ॲव्हेन्यूवर 91 क्रमांकाच्या जागेत आली. ग्रीनिच व्हिलेज ही त्या वेळी न्यूयॉर्कमधली स्वस्त भाड्याची वस्ती. इटालियन स्थलांतरितांची कुटुंबे, कवी, नट, चित्रकार, अराज्यवादी, मताधिकारवादी स्त्रिया हे सगळे तिथे दाटीवाटीने राहत. लिबरल क्लबमध्ये वाद झडत आणि मेबल डॉज यांच्या पाचव्या ॲव्हेन्यूवरच्या दिवाणखान्यात कामगार पुढारी, लेखक आणि धनिक एकत्र बसत. मासिकाला लेखक, चित्रकार आणि भांडणे, तिन्ही गोष्टी या वस्तीनेच पुरवल्या.

मतदानाने ठरणारा अंक

अंकात काय छापायचे हे सभेत ठरे. दर महिन्याला सगळे एखाद्या चित्रकाराच्या स्टुडिओत जमत. आलेल्या कविता आणि कथा मोठ्याने वाचल्या जात, चित्रे भिंतीला टेकवून ठेवली जात आणि मग हात वर करून मतदान होई. लेखकाचे नाव आधी सांगत नसत. त्यामुळे तिथे हजर असलेल्या लेखकाला आपल्याच कवितेची चिरफाड निमूटपणे ऐकावी लागे. एकदा हिप्पोलाइट हॅवेल हे अराज्यवादी गृहस्थ सभेत भडकले. कविता आत्म्यातून येते, तिच्यावर मते कसली घेता, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या स्वतःच्या अराज्यवादी पत्रातही लेख निवडावे लागतातच की, असे कोणीतरी विचारले. आम्ही निवडतो, पण तो निर्णय पाळत नाही, असे त्यांनी ठणकावून सांगितले.

ही लोकशाही कागदावर दिसते तितकी सरळ नव्हती. सभेला सगळे हजर नसत आणि जे येत ते हौसेने चर्चा करून घरी जात. मजकूर मागवणे, छापखाना गाठणे, मुद्रिते तपासणे, घेणेकऱ्यांना थोपवणे हे काम ईस्टमन आणि थोड्या सहकाऱ्यांवर पडे. 1913 च्या अखेरीस शिकागोहून फ्लॉइड डेल आले. तिथल्या एका दैनिकाच्या साहित्य पुरवणीचे संपादन त्यांनी गाजवले होते. आठवड्याला 25 डॉलर पगार मिळाला पाहिजे, या अटीवर त्यांनी काम स्वीकारले. पुस्तक परीक्षणे, कथा, मांडणी अशा सगळ्या बाजू त्यांनी सांभाळल्या. ईस्टमन बाहेर फिरून पैसे आणत आणि डेल आत बसून अंक काढत.

पैशांची तंगी कायमचीच. अंकाची किंमत 10 सेंट, पण छपाई महाग. जाहिराती फारशा नाहीत. लेखक आणि चित्रकारांना मानधन नाही. तूट भरून निघे ती श्रीमंतांच्या देणग्यांतून. वकील एमॉस पिंचो, वृत्तपत्रमालक ई. डब्ल्यू. स्क्रिप्स यांच्यासारख्यांनी पैसे दिले. वेबस्टर हॉलमध्ये चित्रविचित्र पोशाखांतले नाचसमारंभ भरवून निधी उभा केला जाई. भांडवलदारांच्या पैशावर क्रांतीचे मासिक चालते, असा टोमणा इतर समाजवादी मारत. त्यात तथ्य होतेच. पण देणगीदारांच्या शब्दावरून मजकूर गाळला जात नव्हता, हेही तितकेच खरे.

रेघेची ताकद

या मासिकाचा आत्मा त्याच्या चित्रांत होता. पहिल्या वर्षांत चित्रांची बाजू सांभाळली जॉन स्लोन यांनी. फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रांसाठी वर्षानुवर्षे चित्रे काढलेला हा चित्रकार. 1908 मध्ये ज्या आठ चित्रकारांच्या एकत्र प्रदर्शनाने न्यूयॉर्कच्या कलाजगताला धक्का दिला, त्यांपैकी एक. चाळींच्या गच्च्या, दोरीवर वाळणारे कपडे, खानावळी, रस्त्यावरची मुले हे विषय या मंडळींनी चित्रकलेत आणले. त्यांच्यासोबत जॉर्ज बेलोज, स्टुअर्ट डेव्हिस, मॉरिस बेकर, कॉर्नेलिया बार्न्स, ॲलिस बीच विंटर अशी किती तरी नावे अंकात दिसू लागली. पैसे देणारी मासिके गोड चेहऱ्यांच्या तरुणींची चित्रे मागत. इथे पैसा नव्हता, पण मनात येईल ते काढायची मुभा होती.

जून 1913 चे मुखपृष्ठ स्टुअर्ट डेव्हिस यांचे. त्यावर गरीब वस्तीतल्या दोन स्त्रियांचे चेहरे आहेत, थकलेले, ओबडधोबड. त्यांपैकी एक दुसरीला म्हणते आहे, की बघ, आपण मासिकाच्या मुखपृष्ठावर आलो! त्या काळी दुकानांत टांगलेल्या डझनभर मासिकांवरच्या सुंदऱ्यांच्या शेजारी हा अंक ठेवला, की वेगळा अग्रलेख लिहायची गरजच उरत नसे. आर्ट यंग यांच्या एका चित्रात झोपडपट्टीतली दोन मुले रात्री आकाशाकडे बघताहेत आणि तारे ढेकणांसारखे दाट आहेत असे एक जण नवलाने म्हणतो आहे. गरिबीवरचा अख्खा प्रबंध त्या एका वाक्यात आहे.

तंत्राच्या बाजूनेही इथे काही नवे घडले. बोर्डमन रॉबिन्सन, रॉबर्ट मायनर यांच्यासारखे चित्रकार खरबरीत कागदावर जाड, तेलकट खडूने चित्र काढत. कागदाच्या खडबडीत पोतामुळे रेघ दाणेदार उमटे आणि साध्या ब्लॉकवरही तिचा जोर छपाईत टिकून राही. शाईच्या बारीक, आडव्याउभ्या रेघांनी भरलेल्या जुन्या व्यंगचित्रांपुढे ही चित्रे जणू एका दमात ठोसा मारल्यासारखी दिसत. फ्रान्सचे व्यंगचित्रकार दोमिए यांची परंपरा त्यांनी अमेरिकेत रुजवली आणि पुढे दोन पिढ्या अमेरिकी दैनिकांतील राजकीय व्यंगचित्रे याच खडूने काढली गेली. मायनर यांचे 1916 मधले एक चित्र तर युद्धविरोधी कलेच्या इतिहासात कायमचे जाऊन बसले आहे. लष्करी डॉक्टरसमोर एक प्रचंड पिळदार देह उभा आहे. त्याला डोके नाही. अखेर परिपूर्ण शिपाई सापडला म्हणून डॉक्टर खूश आहे.

साहित्याची बाजूही दुबळी नव्हती. कार्ल सँडबर्ग यांच्या कविता इथे आल्या. शेरवुड अँडरसन यांच्या ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ या 1919 च्या गाजलेल्या पुस्तकातल्या काही कथा तीन वर्षे आधी याच अंकांत छापून आल्या होत्या. पुढे कॅथलिक वर्कर चळवळ उभारणाऱ्या डोरोथी डे यांनी 1917 मध्ये विशीच्या उंबरठ्यावर इथेच संपादनाचे काम केले.

संप, खाण आणि विषाच्या बाटल्या

हे मासिक कचेरीत बसून क्रांतीची भाषा करणारे नव्हते. 1913 मध्ये न्यू जर्सीतल्या पॅटरसन गावी रेशीम गिरण्यांतल्या सुमारे 25 हजार कामगारांनी संप केला. रीड तिथे गेले, पोलिसांनी त्यांना पकडले आणि काही दिवस त्यांनी संपकऱ्यांबरोबर तुरुंगात काढले. जूनच्या अंकात त्यांचा वृत्तांत आला. त्याच महिन्यात मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजाराहून अधिक संपकरी रंगमंचावर आले आणि त्यांनी आपलाच संप प्रेक्षकांपुढे उभा केला. त्या प्रयोगामागे रीड आणि त्यांचे व्हिलेजमधले मित्र होते. प्रयोग गाजला, पण त्यातून पैसे उरले नाहीत आणि संपही फसला.

त्याच सुमारास वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळसा खाणींत संप पेटला होता. तिथे लष्करी कायदा लागू झाला, लष्करी न्यायालयांनी कामगारांना शिक्षा ठोठावल्या, पण देशाच्या दैनिकांत त्याची धड बातमी येईना. बातम्या पुरवणारी मोठी संस्था असोसिएटेड प्रेस. जुलै 1913 च्या अंकात आर्ट यंग यांनी तिच्यावर एक चित्र काढले. बातम्यांचा मोठा जलाशय आहे, त्याच्या काठी एक माणूस उभा आहे आणि असत्य, दडपलेली तथ्ये, पूर्वग्रह, निंदा अशा चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या तो पाण्यात ओततो आहे. ईस्टमन यांनी सोबत संपादकीय लिहिले.

असोसिएटेड प्रेसने फौजदारी बदनामीची तक्रार केली आणि ईस्टमन व यंग यांच्यावर आरोप ठेवले गेले. पण या घावाने मासिक मोडले नाही, उलट त्याचे नाव देशभर झाले. वकील गिल्बर्ट रो यांनी फी न घेता वकीलपत्र घेतले. मार्च 1914 मध्ये कूपर युनियनच्या सभागृहात भरगच्च सभा झाली. तिथे पिंचो यांनी तोच आरोप जाहीरपणे पुन्हा केला आणि माझ्यावरही खटला भरा, असे आव्हान दिले. सुमारे दोन वर्षे टांगती तलवार ठेवून अखेर आरोप मागे घेण्यात आले. खटला उभा राहिलाच नाही.

20 एप्रिल 1914 रोजी कोलोरॅडोतल्या लडलो इथे नॅशनल गार्डच्या तुकडीने आणि कंपनीच्या पहारेकऱ्यांनी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर गोळीबार केला आणि तंबू पेटवून दिले. एका तंबूखालच्या खड्ड्यात लपलेल्या दोन स्त्रिया आणि अकरा मुले गुदमरून मेली. खाण रॉकफेलर यांच्या ताब्यातल्या कंपनीची होती. ईस्टमन स्वतः कोलोरॅडोला गेले. जूनच्या मुखपृष्ठावर जॉन स्लोन यांचे चित्र आले. मागे ज्वाळा, एका हातात मेलेले मूल धरलेला खाणकामगार, दुसऱ्या हातात गोळी झाडणारे पिस्तूल. अमेरिकी मासिकाच्या मुखपृष्ठावर इतका थेट संताप क्वचितच छापला गेला असेल.

कोणासाठी, हा प्रश्न

मासिकाचे नाव जनतेचे, पण ते वाचत कोण होते? खप काही हजारांतच फिरत राहिला आणि वाचकांत शिक्षक, लेखक, विद्यार्थी, सुशिक्षित मध्यमवर्गीयच अधिक. इथली बोजड बांध्याच्या नग्न स्त्रियांची चित्रे कामकरी वर्गाच्या काय कामाची, अशा अर्थाचे एक टवाळ पद्य गावभर म्हटले जाई. प्रश्न रास्त होता आणि मासिकाला त्याचे पूर्ण समाधानकारक उत्तर कधीच देता आले नाही.

वंशाच्या बाबतीत तर डोळस माणसेही आंधळी होती. लिंचिंगचा धिक्कार करणाऱ्या या मासिकातच कृष्णवर्णीयांची चित्रे जाड ओठ, बटबटीत डोळे अशा साचेबंद पद्धतीने काढली जात. 1915 मध्ये एका वाचक स्त्रीने खरमरीत पत्र लिहिले. ही चित्रे त्या लोकांना हीन लेखणारी आहेत, असे तिने बजावले. ईस्टमन यांनी पत्र छापले आणि उत्तरही दिले. दोष लगेच दूर झाला नाही, पण तो दाखवणाऱ्याला अंकात जागा मिळाली.

स्त्रियांच्या प्रश्नावर मात्र हे मासिक आपल्या काळाच्या खूप पुढे होते. मताधिकार, संततिनियमन, घरकामाचे ओझे, लग्नातली गुलामी या सगळ्यांवर इथे निर्भयपणे लिहिले गेले. संततिनियमनाच्या प्रचारासाठी मार्गारेट सँगर यांच्यावर खटले भरले जात असताना ईस्टमन त्यांच्या पाठीशी राहिले. स्त्रीमुक्तीने पुरुषही मोकळा होईल, असे डेल यांनी 1914 मध्येच मांडले. धर्माच्या ढोंगालाही मासिकाने सोडले नाही. येशूच्या जन्माविषयीच्या एका कवितेवरून 1916 मध्ये गदारोळ झाला आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या स्टॉलवर मासिक ठेवायला बंदी आली.

चित्राखालची ओळ

1916 च्या वसंतात घरातच बंड झाले. कारण दिसायला किरकोळ होते. चित्रकाराने काढलेल्या चित्राखाली डेल किंवा ईस्टमन एखादी चुरचुरीत राजकीय ओळ टाकत. स्टुअर्ट डेव्हिस, स्लोन आणि त्यांच्या मित्रांना हे खुपू लागले. रस्त्यावरच्या दोन बायकांचे चित्र हे त्या बायकांचे चित्र आहे, त्याला वर्गलढ्याची शेपटी कशाला, असा त्यांचा सवाल. संपादकपदच काढून टाकावे आणि पुन्हा पहिल्यासारखे सगळे सभेने ठरवावे, असा ठराव त्यांनी मांडला.

दुसरी बाजू आर्ट यंग यांनी मांडली. कचऱ्याचे डबे आणि गल्लीतल्या पोरींची चित्रे छापायला या मंडळींना मासिक हवे आहे, ध्येयधोरण मात्र नको, असे ते चिडून बोलले. स्लोन आणि मित्रांच्या चित्रशैलीला पुढे ‘ॲशकॅन स्कूल’, म्हणजे राखेच्या डब्याचा संप्रदाय, हे नाव पडले, त्याचा एक उगम या भांडणात आहे. ठराव फेटाळला गेला. स्लोन, डेव्हिस आणि आणखी काही जण बाहेर पडले.

दोन्ही बाजूंचे म्हणणे मनापासूनचे होते आणि माझ्या मते दोन्ही बाजू निम्म्या खऱ्या होत्या. ओळ टाकली की चित्र घोषणेच्या दावणीला बांधले जाते, हे स्लोन यांना दिसत होते. मासिकाला म्हणणेच नसेल तर ते नुसता चित्रांचा गठ्ठा होईल, हे यंग यांना दिसत होते. चार वर्षे या दोन खेचांच्या ताणावर मासिक उभे होते. एक बाजू निघून गेल्यावर चित्रे अधिक धारदार झाली, पण त्यांतली रस्त्यावरची ऊब आणि गंमत कमी झाली.

टपाल खात्याची करामत

6 एप्रिल 1917 रोजी अमेरिका महायुद्धात उतरली. युरोपच्या आघाड्या डोळ्यांनी पाहून आलेल्या रीड यांनी हे युद्ध कोणाचे, असा रोखठोक सवाल केला. माझे नव्हे, असे त्यांचे उत्तर होते. सक्तीची लष्करभरती सुरू झाली आणि 15 जून रोजी हेरगिरीविरोधी कायदा आला. नाव हेरांचे, पण त्यातल्या कलमांनी सैन्यभरतीला अडथळा आणणारे लेखनही गुन्हा ठरले. शिक्षा 20 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजार डॉलरपर्यंत दंड. असा मजकूर टपालाने पाठवण्यासही मनाई झाली आणि ते ठरवण्याची सत्ता पोस्टमास्टर जनरल आल्बर्ट बर्लसन यांच्या हाती आली.

जुलैच्या सुरुवातीला न्यूयॉर्कचे पोस्टमास्टर टॉमस पॅटन यांनी ‘द मासेस’चा ऑगस्टचा अंक अडवला. चार चित्रांवर आणि काही मजकुरावर आक्षेप होता. एका चित्रात स्वातंत्र्याची प्रसिद्ध घंटा ढासळताना दाखवली होती. एका कवितेत भरतीविरोधी प्रचारासाठी पकडलेल्या एमा गोल्डमन आणि अलेक्झांडर बर्कमन यांना वंदन केले होते.

मासिक कोर्टात गेले. खटला न्यायाधीश लर्नेड हँड यांच्यापुढे आला. 24 जुलै 1917 रोजी त्यांनी मासिकाच्या बाजूने निकाल दिला. कायदा मोडा असे थेट चिथावणारे लेखन आणि सरकारच्या धोरणावरची कडवट टीका यांत त्यांनी स्पष्ट रेघ ओढली. टीका ऐकून कोणाच्या मनात असंतोष उपजेल, एवढ्यावरून ती गुन्हा ठरवली तर लोकशाहीत बोलायला काहीच उरणार नाही, हा त्यांच्या निकालाचा गाभा. युद्धज्वर शिगेला पोचलेला असताना असा निकाल द्यायला धैर्य लागते.

वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशाने लगेच त्याला स्थगिती दिली आणि नोव्हेंबरमध्ये निकाल फिरवला गेला. दरम्यान टपाल खात्याने एक डाव टाकला. नियतकालिकांना सवलतीच्या टपालदराचा परवाना मिळे, पण त्यासाठी ते नियमित निघणे आवश्यक. ‘द मासेस’चा ऑगस्टचा अंक टपालात पडला नाही, म्हणजे ते नियमित राहिले नाही, म्हणजे परवाना रद्द! अंक अडवला होता खात्यानेच. सवलतीशिवाय दूरच्या वर्गणीदारांना अंक पाठवणे परवडणारे नव्हते. नोव्हेंबर-डिसेंबर 1917 च्या जोडअंकानंतर मासिक बंद पडले. त्यावर उघड बंदी कोणीच घातली नव्हती. टपालाच्या नियमाने त्याचा गळा आवळला गेला.

आरोपीच्या पिंजऱ्यात

सरकार तेवढ्यावर थांबले नाही. ईस्टमन, डेल, यंग, रीड, व्यवस्थापक मेरिल रॉजर्स, चित्रकार ग्लिंटेनकॅम्प आणि कवयित्री जोसेफिन बेल यांच्यावर सैन्यभरतीत अडथळा आणण्याच्या कटाचा आरोप ठेवला गेला. एप्रिल 1918 मध्ये खटला उभा राहिला. न्यायाधीश होते ऑगस्टस हँड, लर्नेड हँड यांचे चुलतभाऊ. मासिकाच्या बाजूने वकील होते मॉरिस हिलक्विट आणि डडली फील्ड मलोन. रीड तेव्हा रशियाहून परतत होते, ग्लिंटेनकॅम्प मेक्सिकोला निसटले होते. बेल यांच्यावरचा आरोप न्यायाधीशांनी काढून टाकला.

खिडकीबाहेर युद्धकर्जरोखे विकण्यासाठी वाद्यवृंद राष्ट्रगीत वाजवी. पहिल्यांदा ते वाजताच रॉजर्स ताडकन उभे राहिले, मग ज्यूरी, वकील, न्यायाधीश सगळ्यांनाच उभे राहावे लागले. हा प्रकार वारंवार घडल्यावर न्यायाधीशांनी तो बंद करवला. आर्ट यंग यांना त्यांच्या चित्रांचा अर्थ विचारला गेला. लोकांच्या भल्यासाठी काढले, असे ते शांतपणे सांगत राहिले. एकदा सरकारी वकिलाचे भाषण चालू असताना ते चक्क झोपी गेले. वकिलांनी घाईने उठवून हातात पेन्सिल दिली, तेव्हा त्यांनी खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या स्वतःचेच चित्र काढले.

हसण्यासारखी परिस्थिती मात्र नव्हती. त्याच वर्षी समाजवादी पुढारी यूजीन डेब्स यांना एका भाषणासाठी 10 वर्षांची शिक्षा झाली. साक्षीत ईस्टमन यांनी आपली युद्धविरोधी भूमिका बरीच मवाळ केली. रीड यांच्यासारख्या मित्रांना ते खटकले, पण समोर 20 वर्षांची कैद असताना त्यांना कोण दोष देईल? ज्यूरीचे एकमत झाले नाही. शरद ऋतूत दुसरा खटला झाला. या वेळी रीड हजर होते आणि ईस्टमन यांनी बचावाचे प्रदीर्घ भाषण स्वतः केले. पुन्हा ज्यूरी फुटली. युद्ध संपले आणि सरकारने नाद सोडला.

वारस

मासिक बंद झाल्यावर तीनच महिन्यांत, मार्च 1918 मध्ये, ईस्टमन आणि त्यांची बहीण क्रिस्टल यांनी ‘द लिबरेटर’ सुरू केले. रीड यांचे रशियातले वृत्तांत त्यात आले आणि खप साठ हजारांवर गेला. जमैकाचे कवी क्लॉड मॅके पुढे त्याचे सहसंपादक झाले. ‘द मासेस’च्या वंशविषयक आंधळेपणाची ही मोठीच भरपाई होती. पण आता मालकी सहकारी मंडळाची नव्हती. 1922 मध्ये ईस्टमन रशियाला गेले, मासिक कम्युनिस्टांच्या वर्कर्स पार्टीकडे सोपवले गेले आणि 1924 मध्ये पक्षाच्या इतर पत्रांत विरघळून गेले. 1926 मध्ये ‘न्यू मासेस’ निघाले. त्यातही चांगले लेखक, चित्रकार होते, पण 1930 च्या दशकात ते पक्षाच्या धोरणाला बांधले गेले आणि 1948 मध्ये बंद झाले.

माणसांच्या वाटाही फाकल्या. रीड यांनी ‘टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड’ लिहिले आणि 1920 मध्ये मॉस्कोत टायफसने त्यांचा मृत्यू झाला. क्रेमलिनच्या भिंतीशी त्यांना पुरले. ईस्टमन स्टालिनचे कट्टर टीकाकार झाले आणि शेवटी ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये समाजवादाविरुद्ध लिहू लागले. मायनर यांनी चित्रकला बाजूला ठेवून पक्षाला वाहून घेतले. आर्ट यंग 1943 पर्यंत जगले आणि शेवटपर्यंत त्याच निष्ठेने चित्रे काढत राहिले.

‘द मासेस’ उणीपुरी सात वर्षे चालले आणि त्यांतली खरी बहराची वर्षे पाचच. त्याला सरकारने मारले. त्याच्या वारसांना मात्र पक्षाच्या शिस्तीने निस्तेज केले आणि ते मरण अधिक दुःखाचे. पहिल्या मासिकात कवितेवर मत द्यावे की नाही, चित्राखाली ओळ असावी की नसावी, यावर माणसे घसा कोरडा होईपर्यंत भांडत, कारण निकाल वरून येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ज्या दिवशी निकाल वरून येऊ लागला, त्या दिवशी भांडणे थांबली आणि चित्रेही थंडावली. राजकारण आणि कला यांनी एकाच अंकात नांदायचे असेल, तर दोघांनाही एकमेकांशी भांडण्याचा हक्क हवा आणि त्या भांडणावर कोणा मालकाचा शिक्का नको. लर्नेड हँड यांनी 1917 मध्ये या मासिकासाठी मांडलेला विचार त्या वेळी हरला. 1969 मध्ये ब्रँडनबर्ग खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अगदी जवळचा निकष स्वीकारला आणि तो आजही तिथला कायदा आहे.